गोदाक्कांची अट आणि चेकडिस्क

कम्प्यूटरवाल्यांकडे इतके किस्से येतात कुठून, असं मला पुष्कळ जण विचारतात. उत्तर सोपं आहे. वीज जाते म्हणून! करंट गेला तर बाकीच्या धंद्यांत मेणबत्ती लावून काम चालतं. आमच्याकडे मात्र काळ्या पडद्यासमोर बसून गप्पा हाणण्यापलीकडे काही उरत नाही. त्यात मी नोकरी केली कुंभकोणमला, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. तिथला करंट यायचा उशिरा आणि जायचा न सांगता. त्यामुळे माझ्याकडे माल भरपूर आहे.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून तिकडे गेले. लग्नाआधी हौसेने कम्प्यूटरचा कोर्स केला होता, तो ट्रंकेत सर्टिफिकेट होऊन पडला होता. आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "पलीकडच्या वीथीत एक राव कम्प्यूटर घेऊन बसलेत. तेही तुमचीच भाषा बोलतात."

गेले. तिथे सेतु अण्णा भेटले. चाळिशीचे, कपाळावर गोपीचंदन, खिशाला चार पेनं. शिवशाहीत तंजावराकडे आलेल्या घराण्यातले. त्यांनी माझा इंटरव्ह्यू घेतला तो असा:

"तुम्हांस कम्प्यूटर चालवूं येतें?"

"येतं."

"भय वाटत नाहीं?"

"नाही."

"मज वाटतें. उद्यांपासून या!"

त्यांची मराठी ऐकली की मला आपण एखाद्या बखरीत नोकरीला लागलोय असं वाटायचं. माझी ऐकून त्यांना काय वाटायचं ते त्यांनी सभ्यपणे कधी सांगितलं नाही.

* * *

आमचा धंदा जातकांचा. कम्प्यूटरवर पत्रिका काढून द्यायची आणि लग्नासाठी मुलामुलीच्या पत्रिका जुळवायच्या. तिकडे त्याला पोरुत्तम म्हणतात. मशीन एकच. त्यातल्या हार्ड डिस्कवर आज मोबाइलमधले चार फोटो मावणार नाहीत, पण तेव्हा अर्ध्या तालुक्याचे ग्रह तीत सुखाने नांदत होते.

सेंटर होतं सेतु अण्णांच्या घराच्या पुढच्या खोलीत. खोलीत पितळी साखळ्यांचा झोपाळा, आणि झोपाळ्यावर सेतु अण्णांच्या आई, गोदाक्का. सगळी वीथी त्यांना गोदाक्काच म्हणे. लहानपणी कॉन्व्हेंटात आठवीपर्यंत शिकलेल्या. त्यामुळे पडद्यावर जे इंग्रजी उमटेल ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. पेटी त्यांच्या घरात राहते म्हटल्यावर ती काय बोलते ते कळायला नको?

आता चेकडिस्कची ओळख करून देते, कारण पुढचा सगळा घोळ तिचा आहे. प्रोग्रॅम चालू असताना वीज गेली की डिस्कवर बेवारशी तुकडे पडून राहायचे. मग करंट आला की चेकडिस्क असं टाइप करून एंटर दाबायचं. ती डिस्क तपासायची आणि काय बिघडलंय ते फटकळपणे इंग्रजीत सांगायची. चुका म्हणजे 'एरर्स', बेवारशी तुकडे म्हणजे 'लॉस्ट क्लस्टर्स', आणि खराब झालेली जागा म्हणजे 'बॅड सेक्टर्स'.

एकदा नाचियार्कोविलचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका जुळवायला आले. मुलाकडची पत्रिका घातली, मुलीची घातली आणि करंट गेला! आला तेव्हा सेतु अण्णांनी नेमाप्रमाणे चेकडिस्क चालवली. झोपाळ्यावरून गोदाक्कांनी खणखणीत आवाजात वाचलं, "एरर्स फाउंड... लास्ट... ब्याड..."

गृहस्थ उभेच राहिले. सेतु अण्णा तमिळमध्ये काकुळतीला आले. "सार, हे डिस्कबद्दल आहे. मुलीबद्दल नाही!"

"डिस्क कोणाची?"

"आमची."

"मग तुमच्या वाईट डिस्कवर आमची मुलगी कशाला?"

आणि पत्रिका काखोटीला मारून गेले.

* * *

त्याच संध्याकाळी गोदाक्कांनी अट घातली. "सेतू, लग्नाचीं माणसें पुढें बसलीं असतां या पेट्टीनें आणीक एकदां अभद्र बोललें, तर पेट्टी बाहेर. खोली रघूस देईन."

रघू म्हणजे गोदाक्कांचे धाकटे भाऊ, रघुमामा. त्यांचा पितळी समयांचा व्यापार. रस्त्यावरच्या या खोलीवर त्यांचा फार दिवस डोळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कॉफीला आले आणि कॉफी पिता पिता खिशातून टेप काढून भिंत मोजायला लागले.

"मामा, हें काये?" सेतु अण्णांनी विचारलं.

"कांहीं नाहीं रे, सहज!" मामा म्हणाले आणि टेपचं दुसरं टोक सेतु अण्णांच्याच हातात दिलं.

त्या रात्री सेतु अण्णा जेवले नाहीत म्हणे. खोली गेली की सेंटर गेलं. दुसरीकडे जागा घ्यायची त्यांची ऐपत नव्हती आणि कम्प्यूटरपायी चांगली शिक्षकाची नोकरी ते आधीच सोडून बसले होते. मलाही वाईट वाटलं. एवढा भित्रा माणूस आयुष्यात एकदाच धाडस करतो आणि ते आईच्या झोपाळ्यासमोर अडतं!

* * *

पहिला उपाय होता पडद्याचा. चेकडिस्क चालवायची वेळ आली की मॉनिटरवर जरीकाठाचं उपरणं टाकायचं. तपासणी संपली, पडदा साफ केला, की उपरणं काढायचं. माझी त्याला पूर्ण संमती होती.

पण ते गाव कुंभकोणम! तिथे देवळात अलंकार चालू असताना गाभाऱ्यापुढे पडदा ओढतात आणि तो सरला की लोक हात जोडतात. पहिल्याच दिवशी उपरणं टाकलं आणि वळून बघते तर वेटिंगमधली आठ-दहा माणसं बाक सोडून उभी. आतून डिस्कची घरघर. सेतु अण्णांनी उपरणं काढलं आणि सगळ्यांनी एकदम, देवापुढे मारतात तशा, गालावर चापट्या मारून घेतल्या.

एका आजीबाईंनी तर पुढे येऊन ओंजळ केली. तीर्थ हवं होतं!

सेतु अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन तांब्या आणला. काय करणार?

* * *

मग सेतु अण्णांनी डीबग काढलं. डीबग म्हणजे प्रोग्रॅमचं पोट फाडून आतली अक्षरं बदलायचं हत्यार. दारं लावून घेतली, मला शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाले, "चेकडिस्कचें तोंड धुऊं."

त्यांची कल्पना अशी, की आतल्या अभद्र शब्दांच्या जागी शुभ शब्द घालायचे. तपासणी तीच, दुरुस्ती तीच, फक्त बोलणं गोड. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात त्यांनी 'लॉस्ट'च्या जागी 'मंगळम्' घातलं. शब्द मोठा, जागा लहान. उरलेलं मंगळम् पुढच्या कामाच्या जागेत सांडलं आणि मशीन जे गप्प झालं ते बटण बंद करीपर्यंत बोललं नाही.

"अण्णा, तुमच्याकडे गाण्याच्या कचेरीत शेवटी मंगळम् गायलं की लोक उठून घरी जातात ना?" मी म्हटलं. "मग मशीन तरी कशाला थांबेल?"

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी इंग्रजी अक्षरं मोजून, जेवढी काढली तेवढीच भरून काम तडीस नेलं. 'एरर्स'चं झालं 'शुभम्'. 'लॉस्ट'चं झालं 'श्री'. 'बॅड'चं झालं 'राम'. खरा अर्थ आम्हां दोघांनाच ठाऊक.

पुढच्या मुहूर्ताला खोलीत दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी बसलेली असताना करंट गेला आणि आला. चेकडिस्क चालली. गोदाक्कांनी चष्मा पुसून वाचलं, "शुभम् फाउंड!" मग आणखी खाली, "श्री... राम..." मंडळींच्या चेहऱ्यावर नुसता आनंद.

गोदाक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहिलेंस? मीं रागें भरलें म्हणून सुधारली!"

रघुमामा त्या दिवशी टेप घरीच विसरले होते. पुन्हा काही दिवस आणलाच नाही.

* * *

गोड बोलण्याचीही एक पंचाईत असते. दारासुरमच्या एका रेशीम व्यापाऱ्याने कम्प्यूटर घेतला. बसवून द्यायला सेतु अण्णा गेले आणि आमच्या फ्लॉपीवरून त्याच्या मशीनवर आमचीच चेकडिस्क घालून आले. चांगल्या मनाने! रोज एकदा चालवा म्हणून सांगितलं.

हे गृहस्थ राहुकाळाचे पक्के. राहुकाळ लागला की हातातलं काम तिथेच टाकायचं. म्हणजे साडीचा हिशेब अर्धा टाइप झालेला असला तरी भिंतीवरचं बटण खाडकन बंद! अशाने डिस्कवर बेवारशी तुकडे साचणार नाहीत तर काय होणार? राहुकाळ काही रविवारी सुट्टी घेत नाही.

पण त्यांना पडद्यावर काय दिसायचं? तर 'श्री क्लस्टर्स फाउंड'. रोज आकडा मोठा! ते मोठ्या आनंदाने फोन करायचे, "राव सार, श्री आणखी वाढली!"

चेकडिस्क बिचारी विचारायची, याचं फाइलमध्ये रूपांतर करू का, हो की नाही? ते ठामपणे 'नाही' दाबायचे. "सार, लक्ष्मी आली आहे तशी असू दे. रूपांतर कशाला?"

शेवटी एके दिवशी फोन आला. आवाज पडलेला. "सार, मशीन म्हणतं, जागा नाही." श्रींनी अख्खी डिस्क भरली होती!

सेतु अण्णा टाउन बसने दारासुरमला धावले. मशीनपुढे बसून सफाईला हात घालणार, तेवढ्यात व्यापाऱ्याने त्यांचं मनगट धरलं. "सार, आज शुक्रवार आहे. शुक्रवारी श्री घरातून घालवायची?"

अण्णांनी उठून चपला घातल्या. शनिवारी पुन्हा गेले. बसभाडं कोणाकडून मागणार?

* * *

मधे मी माहेरी साताऱ्याला गेले होते. भावाच्या ऑफिसात नवा कम्प्यूटर आला होता, तो दाखवायला त्याने मला कौतुकाने नेलं. मीही माहेरपणाच्या ऐटीत म्हटलं, बघू, तब्येत कशी आहे याची! चेकडिस्क टाइप केली.

पडद्यावर आलं, 'एरर्स फाउंड'.

माझ्या तोंडून चारचौघांत निघून गेलं, "अगंबाई! हा असा तोंडावर बोलतो?"

* * *

सरस्वतीपूजेला तिकडे प्रत्येक जण आपापली हत्यारं देवीपुढे ठेवतो. सुतार करवत ठेवतो, शिंपी कात्री. सेतु अण्णांनी बॅकअपच्या फ्लॉपी ठेवल्या. सगळी पत्रिकांची माहिती त्यांवर दुसऱ्यांदा उतरवून ठेवलेली होती. हार्ड डिस्क गेलीच तर तेवढाच आधार.

ठेवल्या आणि ते शांतपणे अंघोळीला गेले. पूजा गोदाक्कांनी केली. आता फ्लॉपीला कपाळ कुठलं? त्यांनी शोधून काढलं. फ्लॉपीच्या पाकिटाला जी लांबट खिडकी असते, जिच्यातून आतली चकती दिसते आणि जिला आम्ही बोटसुद्धा लावत नाही, तीच! प्रत्येकीवर ओलं चंदन आणि वर कुंकवाचं बोट. एकही सोडली नाही.

सेतु अण्णा टॉवेलवरच पाटावर बसले.

"काये रे, कमी जालें?" गोदाक्कांनी विचारलं आणि आणखी चंदन उगाळायला घेतलं.

नव्या फ्लॉपी मद्रासहून मागवल्या. त्या येईपर्यंत सगळा भार त्या एका हार्ड डिस्कवर होता, आणि पौष लागला तरी त्या आल्या नव्हत्या.

* * *

आणि नेमकी पौषात, म्हणजे आपल्याकडे लग्नं बंद असतात तेव्हा, पण तिकडच्या तै महिन्याच्या तोंडाला, लग्नसराई सुरू होताना आमची डिस्क कण्हायला लागली. चालू केली की आतून जात्यात खडा गेल्यासारखा आवाज. चेकडिस्कवर 'राम' वाढत चालले. ज्या कंपनीच्या माणसाकडून मशीन घेतलं होतं त्याने मद्रासहून एक इंजिनियर पाठवतो म्हणून सांगितलं.

इंजिनियर सकाळी यायचा होता, पण त्याची बस उशिरा आली. आणि त्याच वेळी पाहुणे आले. कोणाकडचे? तर रघुमामांच्या मुलीला, पद्माला, सांगून आलेल्या मुलाचे वडील! तिरुविसनल्लूरहून आले होते. पोरुत्तम जमलं तर त्याच बैठकीत नारळ देऊन सोयरीक पक्की करायची, असं ठरलेलं. रघुमामा कोऱ्या धोतरात बाकाच्या काठावर बसले होते. ज्या पेटीने अभद्र बोलावं म्हणून ते इतके दिवस वाट पाहत होते, तिच्याकडे आज हात जोडायचे तेवढे बाकी होते.

इंजिनियर टाय लावून आला. खुर्चीत बसला, चेकडिस्क चालवली. 'शुभम् फाउंड' वाचलं. 'राम सेक्टर्स' वाचलं. खुर्ची मागे सरकवली आणि इंग्रजीत म्हणाला, "व्हायरस!"

मी हळूच म्हटलं, "व्हायरस नाही हो ते."

"मॅडम, शुभम् नावाचा व्हायरस मी मद्रासमध्येसुद्धा पाहिलेला नाही. फार नवीन आहे. फॉरमॅट करावं लागेल."

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी! बॅकअपला तर चंदन लागलेलं. मुहूर्ताच्या आधी पत्रिका न्यायला येणारी माणसं, इतक्या दिवसांचं काम, सगळं जाणार. मी सेतु अण्णांकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर इंजिनियर थांबला असता. पण तो शब्द आईसमोर बोलायचा होता. शुभम् खोटं आहे, मीच घातलंय, पेटी आजवर तुझ्या पुढ्यात अभद्रच बोलत आली, असं! म्हणजे खोली गेली. बोलले नाहीत तर डिस्क गेली. ते तोंड उघडत होते, मिटत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

इंजिनियरने स्वतःच्या बॅगेतली फ्लॉपी घातली, मशीन तिच्यावरून चालू केलं आणि फॉरमॅट टाइप केलं. त्या फ्लॉपीचं तोंड कोणी धुतलेलं नव्हतं. पडद्यावर ठसठशीत अक्षरं आली. डिस्कवरचा सगळा डेटा नाहीसा होईल, पुढे जाऊ का, हो की नाही?

झोपाळा थांबला. गोदाक्कांनी मोठ्याने वाचलं, "वार्निंग... आल डेटा... विल बी... लास्ट."

रघुमामांचा चेहरा पांढरा पडला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय म्हणते आहे पेटी?"

इंजिनियरचं बोट 'हो'च्या बटणावर जायला निघालं.

गोदाक्का उठल्या. सरळ मशीनपाशी गेल्या, फ्लॉपीची खिट्टी वर केली, फ्लॉपी बाहेर ओढली आणि ती चिमटीत धरून मुलाच्या वडिलांना दाखवली. मग तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे आमची पेटी नाही म्हणत. हे या मद्रासवाल्यांच्या तबकडीचं बोलणं. आमच्या घरात असलं कोणी बोलत नाही!"

इंजिनियर म्हणाला, "अहो पण व्हायरस..."

"कॉफी घ्या," गोदाक्का म्हणाल्या. "मद्रासची बस अजून मिळेल."

त्याच्या एका हातात फ्लॉपी आणि एका हातात कॉफीचा डबरा, तिकडची ती पसरट वाटी, म्हणजे बोटाला जागाच राहिली नाही. सेतु अण्णांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. डिस्क कण्हली, अडली, आणि लागली! गोदाक्का म्हणाल्या, "चेकडिस्क घाल." त्यांनी घातली.

गोदाक्का पाहुण्यांकडे तोंड करून, पडद्याकडे न बघताच म्हणाल्या, "शुभम् फाउंड!"

मुलाच्या वडिलांनी उठून पडद्यात डोकावून पाहिलं. अक्षर न् अक्षर तेच! पोरुत्तम जमलं, नारळ दिला गेला, आणि रघुमामांनी आधी बहिणीला आणि मग पेटीला नमस्कार केला. खोलीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. सेतु अण्णा भिंतीला टेकून उभे होते, डोळे पुसत. आनंदाने की सुटलो म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी तर सरळ रडले.

पाहुणे गेले. गोदाक्का डबरे गोळा करत करत माझ्यापाशी आल्या, सेतु अण्णांकडे पाठ करून थांबल्या आणि हळूच म्हणाल्या:

"सेतूस सांग, त्या फार्म्याटाचेंहि तोंड तसेंच धुऊन ठेव म्हणून."